शेठच्या मोटारीचे पितळी दिवे

लोक म्हणतात, सूड घेऊ नये, जिवाला पीळ पडतो. माझ्या जिवाला नऊ वर्षं पीळ होता आणि सूड घेतला त्या दिवशी तो सुटला. तेव्हा मला कुणी उपदेश करू नये. करायचाच असला तर आधी माझ्या हातची भाकरी खावी, सगळं ऐकावं आणि मग तोंड उघडावं.

आमचे हे जळगावात कापसाच्या एका जिनवाल्या शेठकडे मोटार चालवायला होते. शेठकडे मोटारी दोन. नवी रोजची आणि जुनी मानाची. जुनी शेठच्या वडिलांनी घेतलेली, पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची. उंच, वरून उघडी, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, पुढून हँडल मारून सुरू करायची. तोंडाला दोन पितळी दिवे होते. त्यांत कार्बाइड आणि पाणी घालून गॅस पेटवायचा. बाजूला रबरी फुग्याचा पितळी भोंगा. दसरा असो, घरातलं लग्न असो, शेठची जुनीच निघायची. बाकी वर्षभर ती शेडमध्ये.

नवी यांनी चालवली, पण जीव जुनीवर. दसऱ्याच्या आधी आठ दिवस हे शेडमधून दिवे आणि भोंगा उतरवून घरी आणायचे आणि मी चिंच न् राख लावून घासायची. लग्न होऊन आले तेव्हापासून दरसाल. लेकराचं अंग धुवावं तसे ते दिवे मी धुतलेत. डाव्या दिव्याच्या काठाला एक पोचा होता. पिंप्राळ्याच्या वाटेवर बैलगाडीचं जू लागलं होतं. यांनी तो आतून ठोकून वर कथलाचा डाग दिला होता. आंधळी झाले तरी त्या डागावरून बोट फिरवून दिवा ओळखीन, इतका तो माझ्या हाताचा.

एका वर्षी हे गेले दिवे आणायला, ते हात हलवत परत आले. दिवे नाहीत. भोंगा नाही. झाकण उघडून पाहिलं तर मॅग्नेटोही नाही. इंजिनाला ठिणगी देणारा तो डबा. तो गेला की मोटार म्हणजे नुसता सांगाडा. शेडच्या किल्ल्या दोन. एक यांच्या कमरेला, दुसरी शेठच्या देवघरात खिळ्याला.

पहिली बोंब कुणी मारली? शेठच्या मेहुण्यानं. शेठाणीचा हा धाकटा भाऊ बायकोसकट बहिणीच्या घरी राहायचा, जिनात नुसता हिंडायचा आणि मालकासारखा बोलायचा. तो म्हणाला, दिवे कुणीही चोरील, पण मॅग्नेटो काढायला जाणकाराचा हात लागतो, या घरात तो हात एकाचाच. झालं. सगळ्यांना पटलं. यांनी बोल्ट दाखवला. तो छिन्नीनं तोडलेला होता. हे म्हणाले, शेठ, मी असतो तर पाना लावला असता, छिन्नी कशाला मारीन? पण गरिबाचं शहाणपण कोण ऐकतो. शेठनी फौजदाराला बोलावलं नाही, तेवढेच उपकार. दसऱ्यानंतर दुसरीकडे बघ, म्हणाले.

इथपर्यंतचं मी गिळलंही असतं. नोकरी जाते, दुसरी मिळते. पण हे माझे भोळे. दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन नेहमीसारखे शेठच्या अंगणात गेले. दसऱ्याचं सोनं वैऱ्याच्या हातचंही नाकारू नये, ही आपली रीत. हमाल, मुनीम, जिनातल्या बाया, सगळं अंगण भरलेलं. मी दारापाशी उभी होते. हे वाकले, पान पुढे केलं, म्हणाले, "शेठ, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

शेठनी हात मागे घेतला. "चोराच्या हातचं सोनं मी घेत नाही."

यांचा हात तसाच राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मेहुणा मागे उभा राहून पान चघळत होता. त्याच पंधरवड्यात त्याला मुलगा झाला होता आणि त्यानं गावभर पेढे वाटले होते. आमच्या घरीही आला होता पेढा. मी खाल्ला होता तो. अजून आठवलं की जीभ खरवडून काढावीशी वाटते.

त्या दिवशी मी मनाशी बोलले. नवस नाही, शपथ नाही, साधं बोलले. याच अंगणात, याच माणसांच्या देखत, शेठला यांच्या हातचं सोनं घ्यायला लावीन. नाही लावलं तर मला माझ्या बापानं जन्माला घातलं नाही.

धुळ्याला माझा भाऊ होता. त्याच्या आधारानं आम्ही धुळ्याला गेलो आणि मोटारअड्ड्याजवळ मी खानावळ काढली. यांना कुणी चालक म्हणून ठेवीना. जळगाव काय लांब आहे? चोरीचा आळ आमच्याआधी धुळ्याला पोचलेला. दोन-तीन ठिकाणी नकार आल्यावर यांनी विचारणंच सोडलं. चुलीला लाकडं फोडायची, कांदा चिरायचा, पाणी भरायचं, आणि ताटं वाढून झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचं. मोटारीचा आवाज आला की पूर्वी हे मान वर करून सांगायचे, कोणाची गाडी, काय दुखतंय तिला. आता मान वर होत नव्हती. बाईला नवरा मारतो ते सोसतं, पण नवरा असा बसलेला सोसत नाही. मी कुणावर तरी ओरडायची, म्हणून गिऱ्हाइकांवर ओरडायची. ते हसायचे आणि आणखी एक भाकरी मागायचे.

पण ही गिऱ्हाइकं म्हणजे माझे हेर. साक्री, पिंपळनेर, शिरपूर, दोंडाईचा, सगळ्या वाटांचे लॉरीवाले माझ्याकडे जेवायचे, मला अक्का म्हणायचे. येईल त्याला मी सांगून ठेवलं: पितळी दिवे, त्यांतल्या एकाला कथलाचा डाग, भोंगा, मॅग्नेटो. नंबर यांना तोंडपाठ होते, ते मी कोळशानं भिंतीवर लिहून घेतले. कंपनीचा माल पाहिजे. त्यासारखा नको, तोच पाहिजे. पोरं म्हणायची, अक्का, अडगळीची मोटार, तीही तुमची नाही, कशाला तिचा ध्यास? मी म्हणायची, तुला भाकरी पाहिजे ना? मग गप खा आणि डोळे उघडे ठेव.

दुसऱ्या वर्षी भोंगा सापडला. साक्रीच्या बाजारात एक जडीबुटीवाला तो वाजवून गर्दी जमवायचा. मी स्वतः गेले. फुगा नवा होता, पितळ तेच, आतला नंबर तोच. तो सोडीना. म्हणाला, भोंग्यावाचून माझं औषध कोण घेईल? मग ठरलं, धुळ्याला येईल तेव्हा सहा महिने माझ्याकडे फुकट जेवायचं. मेला चार माणसांचं खायचा. कुणाकडून घेतला म्हणून विचारलं तर म्हणाला, जळगावचा एक धोतरवाला, पान चघळणारा. मी ऐकून घेतलं. जळगावात पान चघळणारे शंभर.

चौथ्या वर्षी मॅग्नेटो. धुळ्याबाहेर एका बागाइतदाराच्या विहिरीवर पाणी उपसायच्या इंजिनाला तो जोडलेला होता. त्याला मी दुसरा मिळवून दिला, तो कसा ते सांगत बसत नाही. मॅग्नेटो फडक्यात बांधून आणला आणि यांच्यापुढे ठेवला. यांनी फडकं सोडलं, नंबरावरून अंगठा फिरवला. मग कांद्याची सुरी बाजूला ठेवली आणि बाहेरून कुणाचे तरी पाने मागून आणले. तो डबा उघडला, पुसला, आतली टोकं घासली, पुन्हा बंद केला. चार वर्षांनी यांच्या हातांना तेलाचा वास आला. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून रडले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं की धूर गेला.

दिवे मात्र मिळेनात. वर्षं गेली. दुसरी लढाई सुरू झाली, पेट्रोलला कूपन आलं, अर्ध्या लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. मग एकदा पिंपळनेरकडून लाकूड आणणारा एक चालक जेवता जेवता म्हणाला, अक्का, तिकडे डोंगरात एका देवीच्या देवळात दोन दिवे टांगलेत, काळेकुट्ट, पण समईसारखे नाहीत, मोटारीच्या तोंडासारखे दिसतात. मी त्याच्या ताटातली वाटी अर्धी राहिलेली तशीच उचलली. म्हटलं, आधी मला तिकडे ने, मग डाळ.

पिंपळनेरपर्यंत लॉरी, पुढे बैलगाडी, पुढे पायी. चालक सोबत होता. देऊळ म्हणजे सागाच्या खांबांवर कौलं. देवीच्या दोन्ही अंगांना साखळीनं दिवे टांगलेले, वर्षांच्या तेलाच्या धुरानं काळे झालेले. मी डाव्याच्या काठावर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. कथलाचा डाग.

पुजारी म्हातारे, डोंगरातलेच. त्यांना विचारून मी पदरात बांधून नेलेली चिंच काढली आणि दिवा घासायला घेतला. काळं निघालं तशी काठावर अक्षरं वर आली. मला आकडे कळतात, अक्षरं वाचता येत नाहीत. चालकाला म्हटलं, वाच. तो एकेक अक्षर लावत वाचत गेला. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव जळगाव. पुत्र झाला म्हणून देवीस अर्पण.

शेठच्या मेहुण्याचं नाव. छिन्नीनं कोरून, ठसठशीत, दोन्ही दिव्यांवर.

मी देवीपुढे हसत सुटले. अहो, चोरानं चोरी करावी आणि वर नाव घालावं! पण आपल्या लोकांचं असंच. देवळात वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालतील, नाहीतर देवीला कळायचं कसं? मुलासाठी यानं दोन दिव्यांचा नवस बोललेला. विकत घ्यायला जिवावर आलं, म्हणून बहिणीच्या घरचे उचलले. नवस आपला, दिवे दुसऱ्याचे. आणि घरच्यांवर संशय येऊ नये म्हणून छिन्नी मारून मॅग्नेटो काढला, म्हणजे जाणकाराचं नाव घेता येईल. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा!

देवीला वाहिलेली वस्तू मागायची कशी, ही मला भीती. मी पुजारीबाबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून साखळ्या सोडल्या. "चोरीनी वस्तू देवीले नको, माय. लई जाय." घेऊन जा, म्हणाले. मी पुढल्या बाजारी त्यांच्याकडे दोन समया पाठवल्या. त्यांच्यावर नाव घातलं नाही.

आणि पाहा, दैवाचा खेळ. त्याच पावसाळ्यात शेठची नवी मोटार सरकारनं लढाईच्या कामाला नेली. शेठच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. जुनी मोटार पुन्हा उभी करायची, वरात तिच्यातूनच काढायची, असं शेठच्या मनानं घेतलं. पण लढाईमुळे विलायतेहून काही येईना आणि दुसऱ्या गाडीचा कुठला भाग तिला बसेना. जुने अस्सल पार्ट शोधून आणा, असं शेठनी सांगितलं. कुणाला? मेहुण्यालाच.

भाद्रपदात तो माझ्या खानावळीत येऊन बसला. लॉरीवाल्यांनीच त्याला सांगितलं होतं की असली जुनी भंगारं धुळ्याच्या अक्काकडे मिळतात. मला पाहून त्याचा घास हातातच राहिला. मी ठेचा जरा जास्तच वाढला. म्हटलं, खा, भाऊ, पाहुणे तुम्ही. भोंगा आहे माझ्याकडे, मॅग्नेटो आहे, दिवेही आहेत. दिवे पिंपळनेरकडच्या देवीपाशी होते. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. ठेच्यानं की कशानं, डोळ्यांतून मात्र यायला लागलं.

मग तो चार दिवसांनी आला, पुन्हा आठ दिवसांनी आला. लुगडं आणलं, ते मी परत केलं. खानावळीत कुणी नाही असं पाहून पायाशी बसला. म्हणाला, अक्का, दिवे द्या, नुसती तेवढी अक्षरं कानशीनं घासून द्या. मी म्हटलं, दिवे मी घेऊन येते, दसऱ्याला, स्वतः. शेठना तेवढा निरोप द्या. खोटं कशाला सांगू, त्याला तसा बसलेला बघून मला भाकरीवर लोणी लागावं तसं वाटलं. मग त्याची बायको आली. ती बिचारी रडत म्हणाली, "तुम्ही माझा संसार मोडाल."

"माझा मोडला तेव्हा तुम्ही पेढे वाटत होतात," मी म्हटलं. ती उठून गेली. तिचं मात्र मला थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

दसऱ्याआधी आठ दिवस मी दिवे घासायला बसले. चिंच, राख, पुन्हा चिंच. अक्षरांच्या खाचांतलं काळं काडीनं कोरून काढलं. आरशासारखे दिवे आणि वर नाव असं की मुनीमजींच्या चाळशीलाही लांबून दिसावं. हे बघत होते. म्हणाले, मला नाही यायचं तिथे. मी म्हटलं, मॅग्नेटो कोण बसवणार, मी? तेवढ्यासाठी हे आले.

अंगण तेच. माणसं बरीच तीच, थोडी पिकलेली. शेठनी यांच्याकडे पाहिलं आणि नजर मोटारीकडे नेली. शेठचा नवा मिस्त्री तिला चार दिवस हँडल मारून दमला होता. यांनी कुणाशी न बोलता झाकण उघडलं, मॅग्नेटो बसवला, कान लावून काय ते पुढे-मागे केलं आणि हँडल मारलं. एकदा. दुसऱ्यांदा मोटार बोलली. अंगणात हमालांनी टाळ्या वाजवल्या. शेठचा चेहरा फुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, काय पाहिजे ते माग.

मी लुगड्यात गुंडाळलेले दिवे त्यांच्या हातात दिले. म्हटलं, आधी आपला माल पाहून घ्या, शेठ.

शेठनी गुंडाळी सोडली. वाचलं. पुन्हा वाचलं. हातानं अक्षरं झाकायला गेले, पण शेजारी मुनीमजी उभे होते. लिहिलेलं दिसलं की मोठ्यानं वाचायची त्यांची जन्माची खोड. त्यांनी वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, पुत्र झाला म्हणून देवीस अर्पण. वाचून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्यांना कळलं.

मेहुणा तुळशीपाशी उभा होता. सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं. दारात शेठाणी उभी. आता शेठ त्याला तो शब्द म्हणतात का, मी वाट पाहिली. नऊ वर्षांपूर्वी किती सहज निघाला होता. पण आपलेच दात, आपलेच ओठ. मोटार तेवढी धडधडत होती.

मग शेठनी पूजेच्या ताटातलं आपट्याचं पान उचललं आणि यांच्यापुढे आले. आवाज खाली आला होता. "सोनं घे. झालं गेलं विसर."

मला वाटलं, जिंकले. मी तर यांच्या हातचं सोनं शेठनी घ्यावं एवढंच बोलले होते, इथे शेठच हात पुढे करून उभे. मी यांच्याकडे पाहिलं. हे फडक्यानं हात पुसत होते. एक बोट पुसलं, दुसरं पुसलं, दहाही बोटं पुसली. फडकं घडी करून मोटारीच्या पायरीवर ठेवलं आणि हात पाठीमागे घेतले.

"चोराच्या घरचं सोनं मी घेत नाही, शेठ."

आवाज चढला नव्हता. नऊ वर्षं मला वाटत होतं मी एकटीच जळतेय आणि हे विझून गेलेत. हे वाक्य मी यांना शिकवलं नव्हतं. शेठचा हात पान धरून तसाच राहिला, आणि तो किती वेळ राहिला ते मी या वेळी नीट पाहिलं. मग आम्ही निघालो. दिवे आणि भोंगा तिथेच ठेवले. माल मालकाचा.

त्या दिव्यांचं शेठनी काय करायचं? नाव खोल कोरलेलं, घासलं तर काठ झिजतो, आणि नाव ठेवून लावले तर वरातीत अख्खं जळगाव वाचणार. दुसरे दिवे मोटारीच्या तोंडावरच्या त्या कोयंड्यांना बसत नाहीत. लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम जळगावला गेले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. जुनी मोटार झेंडूनं सजून आली. भोंगा वाजत होता, इंजिन घड्याळासारखं चाललं होतं, आणि तोंडाला दोन कोयंडे रिकामे. लोक एकमेकांना विचारत होते, दिवे कुठे गेले, आणि ज्यांना ठाऊक होतं ते सांगत होते.

मी डोळे भरून पाहिलं. मग पलीकडे धुळ्याला जाणारी लॉरी उभी होती, तिच्यात चढून बसले. लॉरी आमचे हे चालवत होते.